लँडस्केपिंगवाल्यांचं छोटं प्रदर्शन: मोडका भाग खिशात घालून जा

रानजाई

मंडळी,

लँडस्केपिंगचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी भरलेल्या एका छोट्या प्रदर्शनाला नुकतीच जाऊन आले. एक सभागृह आणि त्यामागे मोकळं मैदान, एवढाच पसारा. न्यूरेंबर्गचं गालाबाऊ किंवा लुईव्हिलचं इक्विप एक्स्पो म्हटलं की हॉलमागून हॉल डोळ्यांसमोर येतात. त्यापुढे हे अगदीच लहान. तरीही मला ते फार कामाचं वाटलं, आणि लहान आहे म्हणूनच वाटलं. "एवढ्याशा प्रदर्शनात काय बघायचं" म्हणून आपल्यातले बरेच जण जात नाहीत, म्हणून हा धागा काढतेय.

मोठ्या प्रदर्शनात स्टॉलवर विक्रीची माणसं असतात आणि त्यांचं बोलणं पाठ झालेलं असतं. छोट्या ठिकाणी कंपनी दोन-तीनच माणसं पाठवते. त्यातला एक बहुतेक वेळा यंत्र दुरुस्त करणारा किंवा साइटवर जाऊन बसवून देणारा असतो. हा माणूस हुडकायचा. ओळखण्याची माझी पद्धत सोपी आहे. "यातलं आधी काय बिघडतं?" असं विचारायचं. विक्रीवाला म्हणतो, काहीच नाही. दुरुस्तीवाला यंत्राकडे एकदा बघतो आणि नेमक्या जागी बोट ठेवतो.

आमच्या एका साइटवर ठिबकच्या तोट्या सारख्या चोंदत होत्या. फिल्टर धुऊन झाला, बदलून झाला, फरक शून्य. जाताना त्यातल्या काही तोट्या काढून पिशवीत घातल्या होत्या. स्टॉलवरच्या तंत्रज्ञाने एक तोटी ब्लेडने उभी चिरली. आत नखाएवढी सिलिकॉनची पातळ चकती असते. दाब वाढला की ती वाकून पाण्याची वाट अरुंद करते आणि त्यामुळे उंचावरच्या आणि उतारावरच्या झाडाला पाणी सारखंच मिळतं. त्या चकतीवर पांढरट पुट बसलं होतं. त्याने सौम्य आम्लाचा एक थेंब टाकला, तर बारीक बुडबुडे येऊन फेस झाला. "हा गाळ नाही, क्षार आहे," तो म्हणाला. क्षार पाण्यात विरघळलेल्या रूपात फिल्टरमधून निघून जातो आणि पुढे तोटीत बसतो. म्हणजे फिल्टर कितीही बारीक लावला तरी उपयोग नव्हता. नळ्यांना ठरावीक काळाने आम्ल-प्रक्रिया द्यायला हवी होती. हेच जर बुळबुळीत शेवाळं असतं तर क्लोरीनचा उपाय, आणि वाळू-माती असती तर फिल्टरचा. लक्षण तेच, पण उपाय तीन वेगळे. हे मला कुठल्याही माहितीपत्रकाने सांगितलं नव्हतं.

मागच्या मैदानात यंत्रमानवी मोवर, म्हणजे आपोआप गवत कापणारी यंत्रं, चालू होते. कल्पना नवी नाही, हुस्कवार्ना कंपनीने सौर ऊर्जेवर चालणारा असा मोवर १९९५ मध्येच बाजारात आणला होता. आता फरक असा की जमिनीत हद्दीची तार न पुरता उपग्रहावरून जागा ओळखणारे आले आहेत. मैदानात ते सरळ रेषेत सुरेख चालत होते. मी फक्त एवढंच म्हटलं की तो त्या कोपऱ्यातल्या दाट झाडाखाली नेऊन दाखवा. फांद्यांनी आकाश झाकलं की उपग्रहाचा संदेश अडतो, आणि आमच्या कामांत तर अर्धी हिरवळ सावलीत असते. त्यांनी नेला. तो थांबला, जरा चाचपडला, मग कॅमेऱ्याच्या आधाराने पुढे गेला. तेवढं बघून माझं काम झालं. मोकळ्या मैदानात कुठलाही चालेल.

तर माझं सांगणं इतकंच: प्रदर्शनात वस्तू बघायला जाऊ नका, स्वतःच्या साइटवरचे अडलेले प्रश्न घेऊन जा. मोडका भाग, चोंदलेली तोटी, तुटलेली क्लिप, उखडलेल्या फरशीचा फोटो. तुम्ही काय नेता आणि काय विचारता, ते इथे लिहा.

---

कात्रीधर

रानजाई ताई, मस्त धागा. माझं काम नुकतंच सुरू झालंय, माणसं कमी आणि यंत्रं त्याहून कमी. पुढच्या महिन्यात असंच एक प्रदर्शन आहे. पाणी, फरशी, झाडं, यंत्रं यांत कुणाकडे काय बघायचं ते जाणकारांनी जरा तपशिलात लिहिलं तर माझ्यासारख्यांना फार उपयोग होईल. पहिल्यांदाच जाणार आहे.

---

पाणकळा

ताई, तोटी चिरून बघण्याचा किस्सा आवडला. मी सिंचनाचंच काम करतो, म्हणून त्याच बाजूचं लिहितो.

तुषार सिंचनाच्या स्टॉलवर बहुधा एक छोटा पंप आणि चार-पाच फवारे लावून ठेवलेले असतात. पाणी उडताना दिसतं आणि माणूस खूश होतो. तिथे दाबमापक कुठे आहे ते शोधा, नसेल तर लावायला सांगा. साध्या स्प्रे नोझलला साधारण २ बार (बार हे दाबाचं एकक) दाब लागतो आणि फिरत्या धारांच्या नोझलला ३ च्या आसपास. दाब जास्त झाला की पाण्याचं धुकं होतं आणि ते वाऱ्यावर जातं. स्टॉलवर धुकं उडताना दिसलं तर समजा की मांडणाऱ्यालाच दाबाची फिकीर नाही. बुडाशी दाब नियंत्रित करणारे फवारे मिळतात. ते आणि साधे फवारे शेजारी शेजारी लावून मुद्दाम दाब वाढवून दाखवा म्हणा. फरक लांबून दिसतो.

दुसरी गोष्ट नोझलच्या कोनाची. कोपऱ्यातला फवारा पाव वर्तुळ फिरतो आणि मधला पूर्ण वर्तुळ. दोघांतून मिनिटाला सारखंच पाणी निघत असेल तर कोपऱ्यात चौपट पाणी पडेल. म्हणून पाव वर्तुळाच्या नोझलमधून पाव प्रवाहच निघायला हवा. कंपनीच्या तक्त्यात हे आकडे असतात. स्टॉलवर तो तक्ता उघडायला लावा आणि पाव, अर्धा, पूर्ण या तिन्हींचे प्रवाह शेजारी ठेवून बघा. आणि फवाऱ्यांमधलं अंतर एवढंच हवं की एकाचं पाणी दुसऱ्याच्या बुडापर्यंत पोचेल. "आमचा फवारा लांब फेकतो, म्हणून कमी लागतील" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून पुढे जा. अशा हिरवळीवर महिन्याभरात पिवळे गोल उमटतात.

फिल्टरचं ताई म्हणाल्या ते खरं आहे, पण जिथे फिल्टरच लागतो तिथे जाळीचा की चकत्यांचा हे विचारा. ठिबकला साधारणपणे १२० मेश (जाळीच्या बारीकपणाचं माप), म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपासचा फिल्टर सांगतात. तळ्याचं किंवा साठवलेलं पाणी असेल तर शेवाळं येतं. ते जाळीतून दाबाने पिळून पुढे जातं, तर चकत्यांच्या खाचांमध्ये अडकतं. स्टॉलवर फिल्टर स्वतःच्या हाताने उघडा आणि परत लावा. हातमोजे घालून जमत नसेल तर साइटवरचा माणूस तो कधीच धुणार नाही.

---

पाथरवट

वाचतोय. फरशी, पेव्हर (जमिनीवर बसवायचे ब्लॉक) आणि आधारभिंती ही माझी बाजू.

सध्या प्रत्येक प्रदर्शनात पाणी झिरपणारे पेव्हर असतात आणि दाखवण्याची रीत एकच: बादलीभर पाणी ओततात, ते क्षणात गायब होतं, बघणारे वाहवा करतात. नवीन असताना जाणारच. तुम्ही विचारायचं ते असं: सांध्यांत बारीक माती आणि पालापाचोळा भरल्यावर काय? साफ कशाने करायचं, किती दिवसांनी, आणि ते काम कुणी करायचं? हवेने ओढून साफ करणारी यंत्रं असतात, पण काम देणाऱ्या मालकाला हे आधी सांगितलं नाही तर बोल आपल्यावर येतो. आणि खालचा थर दाखवायला लावा. झिरपणाऱ्या फरशीखाली वाळू चालत नाही. मोकळी खडी लागते, सांध्यांतही बारीक खडीच. स्टॉलवर कापून ठेवलेला नमुना असेल आणि त्यात पेव्हरखाली वाळू दिसली, तर तो नमुना मांडणाऱ्याला विषय कळलेला नाही.

साध्या पेव्हरचं सांगायचं तर जाडी बघा. पायवाटेला ६० मिलिमीटर चालतात, गाडी जाणार असेल तर ८०. गाडी वळते त्या जागी हेरिंगबोन (ब्लॉक एकमेकांना काटकोनात गुंतवलेली) मांडणीच टिकते, कारण तीत लांब सरळ सांधा राहत नाही आणि ब्लॉक एकमेकांना अडवून धरतात. वाळूचा थर पेव्हरखाली २५ ते ३० मिलिमीटरच. त्याहून जाड केला तर खड्डे पडतात. खालचा भराव कच्चा आहे म्हणून वर वाळू वाढवून पातळी गाठणारे खूप बघितले आहेत, आणि त्यांचं काम पहिल्याच पावसाळ्यात बोलतं.

आधारभिंतीच्या ब्लॉकवाल्यांकडे जिओग्रिडचा, म्हणजे भिंतीमागची माती धरून ठेवणाऱ्या जाळीचा, तुकडा हातात घ्या. दोन्ही दिशांनी ओढून बघा. बहुतेक भिंतींसाठीचे जिओग्रिड एकाच दिशेने ताकदवान असतात आणि ती दिशा भिंतीला काटकोनात, म्हणजे मातीच्या आत जाणारी हवी. कामगार रोल भिंतीच्या लांबीने उलगडून मोकळे होतात, कारण तसं सोपं पडतं. सगळी ताकद मग चुकीच्या दिशेला जाते. मातीत तो किती खोल जावा याचा ढोबळ अंदाज भिंतीच्या उंचीच्या निदान ६० टक्के, पण भिंत उंच असेल, वर उतार असेल किंवा वजन येणार असेल तर इंजिनिअरकडून हिशोब करून घ्या, स्टॉलवरच्या तक्त्यावर विसंबू नका. आणि भिंत मातीने पडते त्याहून जास्त वेळा मागे साठलेल्या पाण्याने पडते. मागची खडी, तळातला छिद्रांचा पाइप आणि त्याभोवतीचं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) यांबद्दल जो स्टॉलवाला आपणहून बोलतो त्याच्याकडे वेळ काढून बसा.

प्लेट कॉम्पॅक्टर (माती-खडी ठोकून दाबणारं यंत्र) चालवून बघायला मिळाला तर जरूर चालवा. आमच्या धंद्यात थरावर थर दाबणं हेच खरं काम, वरची फरशी म्हणजे नुसतं मखर.

---

आडवाटा

सगळ्यांचे प्रतिसाद चांगले आहेत, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. छोट्या प्रदर्शनात निवड फार कमी असते. मोवरचे दोन ब्रँड दिसले तर तुलना त्या दोघांतच होते आणि माणसाला वाटतं की बाजार एवढाच आहे. मोठ्या प्रदर्शनात एकाच दिवशी वीस प्रकार हाताळता येतात.

दुसरं म्हणजे सवलतीचं दडपण. "आज नोंदवलं तरच हा भाव" हे छोट्या ठिकाणी जास्त चालतं, कारण समोर माणूस ओळखीचा असतो आणि नाही म्हणायला जड जातं. माझ्या ओळखीच्या एकाने असाच एक लाकडाचा चुरा करणारा चिपर तिथल्या तिथे घेतला. यंत्र वाईट नव्हतं. पण त्याचं वजन त्याच्या ट्रेलरला झेपणारं नव्हतं, आणि ते घरी येऊन कागद वाचल्यावर कळलं.

आणि प्रात्यक्षिकाचं मैदान ही काही खरी साइट नव्हे. तिथली हिरवळ सपाट, कोरडी, योग्य उंचीची. ब्रशकटर (दांड्याचं झुडपं-गवत कापणारं यंत्र) मऊ गवतावर चालवून काय कळणार?

---

रानजाई

आडवाटा, निवडीबद्दल सहमत. काय काय उपलब्ध आहे याचा आवाका बघायचा असेल तर मोठंच प्रदर्शन हवं. पण आवाका घरबसल्या कॅटलॉगमधूनही कळतो. दुरुस्तीवाल्याशी निवांत बोलणं मात्र तसं मिळत नाही, आणि मोठ्या प्रदर्शनात त्याच्यापाशी रांग असते.

सवलतीबद्दल मी एक नियम पाळते: तिथे काहीही नोंदवायचं नाही. भाव लेखी मागायचा आणि तो किती दिवस टिकेल हे त्याच कागदावर लिहून घ्यायचं. जो लिहून देत नाही त्याची सूट खरी नव्हती असं मी धरते. सोबत यंत्राचं वजन, वाहतुकीची मापं आणि सुट्या भागांची यादीही मागते. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांसारखा प्रसंग याच कागदाने टळतो.

मैदानाबद्दल तुमचं म्हणणं पटलं, म्हणूनच मी झाडाखाली न्यायला सांगितलं होतं. मैदानाच्या कडेला जावं, जिथे गवत वाढलेलं असतं, उतार असतो, चिखल असतो. आयोजक तिकडे कुणाला नेत नाहीत, पण विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. जे म्हणतात त्यांच्याबद्दलही काहीतरी कळतंच.

आणखी एक राहिलं. छोट्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त मला शिकवलं ते इतर कंत्राटदारांनी. चहाच्या टेबलावर एक गृहस्थ भेटले, त्यांनी त्याच कंपनीची तोटी अनेक हंगाम वापरली होती. त्यांच्या पाण्याचा प्रकार, माझ्या पाण्याचा प्रकार, आम्ही दोघांनी शेजारी लिहून काढलं. स्टॉलवाल्यानेही मग कान टवकारले. एकमेकांच्या बाजारपेठेत नसलेली माणसं अशा ठिकाणी मोकळेपणाने बोलतात.

---

मुळाक्षर

झाडांचं कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. मोठ्या झाडांची निगा आणि छाटणी हे माझं काम.

रोपवाटिकांच्या स्टॉलवर पानं बघू नका. पानं खताने चार दिवसांत हिरवी करता येतात. कुंडी आडवी करा आणि झाड बाहेर काढू का असं विचारा. चांगला रोपवाटिकावाला स्वतःच काढून दाखवतो. मुळं कुंडीच्या भिंतीला घासून गोल गोल फिरलेली असतील तर ते झाड जमिनीत गेल्यावरही ती वळणं मोडत नाहीत. काही वर्षांनी तेच मूळ जाड होऊन खोडाला आवळतं आणि झाड तब्येतीत दिसत असतानाच वाऱ्याने पडतं. काढल्यावर कळतं की बुंध्याभोवती फास होता.

मग खोडाच्या बुडाशी बोट घाला. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरतं ती जागा मातीच्या वर दिसायला हवी. बऱ्याच कुंड्यांत ती चार-पाच बोटं खाली गाडलेली असते, कारण दर वेळी मोठ्या कुंडीत हलवताना वर माती पडत जाते. तसंच लावलं तर झाड खोल बसतं आणि हळूहळू गुदमरतं. हे तपासायला काडी पुरते, यंत्र लागत नाही. खड्डाही तसाच: मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच.

प्रदर्शनात छाटणीच्या जखमेवर लावायचे रंग आणि मलम अजूनही विकायला असतात. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम माणसासारखी भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंती उभ्या करून त्याला कोंडतं. ही मांडणी १९७७ मध्ये आली. वरून रंग लावल्याने कुजणं थांबत नाही. कुठे कापलं हेच महत्त्वाचं. फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो त्याच्या बाहेरून कापायचं, फुगवटा खोडालगत तासायचा नाही. जिथे ताज्या जखमेवर बसणाऱ्या कीटकांमुळे एखादा रोग पसरतो, तिथे ठरावीक झाडांना रंग लावायला सांगतात, तेवढा अपवाद. बाकी ठिकाणी तो डबा म्हणजे मालकाच्या मनाची समजूत.

मुळांना मदत व्हावी म्हणून मातीत घालायच्या बुरशीच्या पुड्यांचे स्टॉलही वाढलेत. त्यांना एवढंच विचारा: जिवंत आहे तर पिशवीवर मुदत कुठली, साठवण किती तापमानात केली, आणि इथे मंडपात उन्हात का ठेवलीय?

---

कात्रीधर

मुळाक्षर दादा, शेवटचा प्रश्न लिहून घेतला. यंत्रांबद्दल कुणी सांगेल का? बॅटरीवर जावं की पेट्रोलवरच राहावं हे ठरत नाहीये.

---

चाकोरी

मी दुरुस्तीच्या टेबलाच्या त्या बाजूचा माणूस. प्रदर्शनात उभा राहतो, म्हणून लोक काय विचारत नाहीत ते मला ठाऊक आहे.

बॅटरीच्या डब्यावरचा व्होल्टचा आकडा बघून तुलना करू नका. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४ च्या वर जातो. दहा सेल ओळीने जोडले की एक कंपनी लिहिते ३६, दुसरी लिहिते ४०. आत तेच दहा सेल. खरी तुलना वॉट-तासांची: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे १८० वॉट-तास. मग विचारा की पूर्ण जोरावर हे यंत्र किती वॉट ओढतं. ब्लोअरसारखं (हवेने पालापाचोळा उडवणारं) यंत्र ९०० वॉट ओढत असेल तर १८० वॉट-तासांची बॅटरी १२ मिनिटांत संपली. मैदानात कुणी पूर्ण जोर लावून सलग चालवतच नाही, म्हणून हे लक्षात येत नाही. चार्जर किती वॉटचा आहे हेही विचारा, आणि साइटवर वीज नसेल तर दिवसभराच्या बॅटऱ्यांची बेरीज आधी मांडा. कात्रीधर, तुझं काम झुडपं कापण्याचं आणि छोट्या हिरवळींचं असेल तर बॅटरी बिनधास्त घे. दिवसभर उंच जाड गवत कापायचं असेल तर अजून पेट्रोलच सोयीचं.

आता जे खरंच कुणी विचारत नाही: आवाज आणि कंपन. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आठ तासांसाठी ८५ डेसिबल आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलच्या यंत्रापाशी कान न झाकता जेमतेम १५ मिनिटं. कंपनाचा आकडा मीटर प्रति सेकंद वर्ग असा पुस्तिकेत छापलेला असतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाप्रमाणे आठ तासांच्या सरासरीत २.५ ला मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ ही कमाल मर्यादा. ५ कंपनाचं यंत्र दोन तास चालवलं की दिवसाचा २.५ चा कोटा भरतो. वर्षानुवर्षं ब्रशकटर धरलेल्या माणसांची बोटं थंडीत पांढरी पडताना मी बघितली आहेत, आणि ती परत पूर्वीसारखी होत नाहीत. स्टॉलवर यंत्र सुरू करून दोन्ही मुठी धरा, आणि नंतर पुस्तिकेत दोन्ही मुठींचे आकडे वेगवेगळे बघा. पुढच्या आणि मागच्या मुठीत बराच फरक असू शकतो.

करवतीच्या संरक्षक पँटवर वर्ग लिहिलेला असतो: वर्ग १ म्हणजे साखळीच्या सेकंदाला २० मीटर वेगापर्यंत तपासलेली, वर्ग २ म्हणजे २४, वर्ग ३ म्हणजे २८. आपल्या करवतीच्या साखळीचा वेग माहीत करून घेऊन मगच पँट निवडा. तिच्यातले लांब धागे बाहेर येऊन साखळीच्या चाकात गुंततात आणि यंत्र थांबतं. बॅटरीच्या करवतीचा जोर कमी वेगातही टिकून असतो, त्यामुळे तिथे ही पँट तसंच काम करेल का, हे पँटवाल्याला आणि करवतवाल्याला दोघांनाही विचारा.

आणि कृपा करून सुटे भाग विचारा. एअर फिल्टर, स्टार्टरची दोरी, कार्ब्युरेटरचं किट, ब्लेडचा नट. हे स्टॉलवर दाखवता येत नसेल तर निदान किती दिवसांत येईल ते सांगता यायला हवं. ऐन हंगामात बंद पडलेलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नाही.

---

निशिगंध

चाकोरी यांचा प्रतिसाद साठवून ठेवला. बागेतल्या दिव्यांबद्दल थोडं.

आयपी म्हणजे पाणी आणि धूळ किती अडते याची प्रतवारी. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कारंज्यात कायम बुडवून ठेवायला ते पुरत नाही. आयपी ६८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो, म्हणून तो आकडा लेखी मागा. दिवा सहसा टिकतो, पाणी शिरतं ते जोडणीत. त्यामुळे दिवा कमी आणि त्याची जोडणी जास्त उलटून पालटून बघा.

१२ व्होल्टच्या लांब तारेवर शेवटचे दिवे मंद पडतात. त्याच वॉटला २४ व्होल्ट वापरले तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेतला वीजनाश चौथ्या हिश्शावर येतो. स्टॉलवर तार हातभर असते, तिथे हे कधीच दिसणार नाही.

---

आडवाटा

मत थोडं बदललं म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे एका गच्चीवर बाग करायची आहे. तिथल्या हलक्या मातीचे नमुने अशा प्रदर्शनात असतात का? काय विचारू?

---

पाथरवट

असतात. पिशवीवर छापलेलं वजन कोरड्या मातीचं असतं. तुम्ही पाण्याने पूर्ण भिजल्यानंतरचं प्रति चौरस मीटर वजन मागा, ठरलेल्या जाडीला. त्यात झाडं, कुंड्या, खालचा निचऱ्याचा थर धरून बेरीज करा आणि ती गच्चीच्या इंजिनिअरला द्या. तो हो म्हणाल्याशिवाय एक पिशवी वर चढवू नका.

---

कात्रीधर

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतोय. पाणकळा काका, एकच विचारतो. सिंचनवाल्यांकडे जाताना माझ्या साइटचे कोणते आकडे सोबत असावेत? माझ्याकडे काहीच मोजलेलं नाही.

---

पाणकळा

तीनच आकडे, अर्ध्या तासाचं काम.

दाबमापक नळाला लाव. बाकी सगळे नळ बंद असताना जो आकडा येतो तो स्थिर दाब. मग शेजारचा नळ पूर्ण सोडून परत बघ. किती उतरतो ते जास्त महत्त्वाचं, कारण फवारे चालू असताना हाच दाब मिळणार. नुसता स्थिर दाब सांगणाऱ्याला स्टॉलवाले जास्त फवारे विकून मोकळे होतात.

प्रवाहासाठी बादली आणि घड्याळ. १० लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर. नळ पूर्ण उघडा ठेव, आणि ज्या वेळेला प्रत्यक्ष पाणी देणार त्याच वेळेला मोज. पहाटे आणि दुपारी आकडे वेगळे येतात.

तिसरा आकडा उंचीचा. नळापासून सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची झाडं किती मीटर वर-खाली आहेत. दर १० मीटर चढाला साधारण १ बार दाब जातो आणि उताराला तेवढाच वाढतो.

शक्य असेल तर एक बाटली पाणीही ने. रानजाई ताईंच्या तोटीसारखं काही निघालं तर तिथेच कळेल.